उजव्या विंगेजवळचा माणूस

आमचे घरमालक बहिरे आहेत, ही या गावाने मला दिलेली पहिली माहिती. देणारे आमच्या शाळेचे मुख्याध्यापक होते, त्यामुळे शंका घ्यायचं कारण नव्हतं. "माणूस सोन्यासारखा आहे मॅडम. नाटक कंपनीत कॉमेडी करायचा. बायको वारल्यापासून एकटाच असतो. डाव्या कानानं ऐकू येत नाही, तेवढं मोठ्यानं बोलत जा."

वाशीमहून अनसिंगला जाताना हे गाव लागतं. एसटी तिथे थांबते, पण थांबली असं उतरणाऱ्यालाच वाटतं, ड्रायव्हरला वाटत नाही. माझी बदली तिथल्या शाळेवर झाली तेव्हा नवऱ्याची नोकरी अकोल्याला होती, तो शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. मधले दिवस माझे आणि त्या घराचे. अंगणाच्या एका बाजूला माझी खोली, दुसऱ्या बाजूला काकांचं घर आणि मध्ये एक शेवगा.

मी पहिले काही महिने काकांशी अक्षरशः ओरडून बोलले. शंकेला जागाच नव्हती. काहीही विचारा, "काका, पाणी आलं का?" विचारा, नाहीतर "बरं आहे ना?" विचारा, ते लगेच उत्तर देत नसत. हनुवटी जरा वर करत, उजवा कान स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवत, क्षणभर थांबत, आणि मग बोलत. बोलणं मात्र खणखणीत, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं.

एकदा मी अंगणाच्या पार टोकाला, शेवग्यामागे उभी राहून नवऱ्याशी फोनवर हळूच बोलत होते. म्हणाले, "मालक जरा चक्रम आहेत." तिकडून, बाजेवर पडल्या पडल्या, काकांचा आवाज आला, "जरा नाही मॅडम, पुरा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण संतापही आला. इतके महिने मी घसा फोडतेय आणि हे गृहस्थ मजेत ऐकताहेत! "मग मान कशाला वाकडी करता?" मी विचारलं. त्यांनी पुन्हा हनुवटी वर केली, दाराकडे कान केला, थांबले आणि म्हणाले, "सवय हाय."

अशा माणसावर रागावून फायदा नसतो.

काका भात गाण्यावर शिजवत. घड्याळ होतं, पण ते भिंतीवर शोभेला. चुलीवर पातेलं चढवलं की ते कुठलंसं नाटकातलं विनोदी पद सुरू करत, ध्रुवपद, पहिला अंतरा, दुसरा अंतरा, आणि शेवटची तान संपली की भात उतरवत. भात मोकळा होई. त्यांचा आवाज सत्तरीतही भरदार होता, फक्त वरच्या पट्टीत गेला की दाराच्या कडीसारखा वाजे. एकदा मी खोलीतून बाहेर येऊन टाळ्या वाजवल्या आणि सहज म्हणाले, "वन्स मोअर!" झालं. काका उभे राहिले, वाकून नमस्कार केला आणि पद पहिल्यापासून सुरू केलं. घरभर करपल्याचा वास सुटला. मी हातवारे करून पातेलं दाखवत होते, ते हातवारे करून मला थांबवत होते. पद पुरं झाल्यावर त्यांनी काळाकुट्ट भात उतरवला आणि गंभीरपणे सांगितलं, "वन्स मोअर आला तं गावंच लागते. मंग भात जळो नाही तं लंका." त्या दिवशी आम्ही दोघांनी माझ्याकडची खिचडी खाल्ली.

त्यांच्याकडे अशी सूत्रं बरीच होती. "रडवाले कांदा पुरते मॅडम, हासवाले माणूस लागते." नाहीतर, "कॉमेडीवाला म्हंजे लग्नातला वाढपी. साऱ्याहिले वाढाचं अन् आपुन शेवटी बसाचं, तवा भाजी सरली रायते." हे शेवटचं वाक्य ते हसवण्यासाठी म्हणत, आणि मी हसतही असे, पण नंतर ते मला चावत राही.

त्यांच्याकडे एक साधा मोबाइल होता. त्यावर माणसाचा फोन मी कधी आलेला पाहिला नाही. यायचे ते मोबाइल कंपनीचे, आधीच भरून ठेवलेल्या आवाजातले. एक बाई गोड आवाजात नवीन योजना सांगते, ते. आपण सगळे दुसऱ्या शब्दालाच फोन कापतो. काका नाही. ते फोन कानाला लावून शेवटपर्यंत ऐकत. मी म्हटलं, "काका, ते यंत्र आहे. कापा." तर म्हणाले, "बोलू द्या ना तिले. वाक्य तं पुरं होऊ द्या." मी तोपर्यंत त्यांना गमतीदार म्हातारा समजत होते. त्या दिवशी मला ते एकटे वाटले. एकटं माणूस मला लवकर ओळखू येतं, कारण सोमवार ते शुक्रवार मी आरशात पाहत होतेच.

त्यांच्या नाटकाच्या दिवसांविषयी मला जे कळलं ते थोडं त्यांच्याकडून, थोडं गावाकडून. कंपनी गावोगावी फिरणारी. दिवाळी झाली की टेम्पोत पडदे, पेट्या, तबला भरून निघायची. शेलूबाजार, मंगरूळपीर, मानोरा, पार पुसदपर्यंत. नाटकं संगीत, म्हणजे नायक-नायिकेला पदं, आणि काकांनाही पदं, पण हसवायची. नायकाचा नोकर, कंजूष सासरा, खोटा ज्योतिषी, ही त्यांची कामं. हिवाळ्यात लोक चादरी पांघरून बसत आणि काका आले की चादरी बाजूला पडत, असं आमच्या शाळेचा शिपाई सांगे.

अशा कंपन्यांत नाटकं फार आणि तालमी थोड्या. म्हणून विंगेत एक माणूस नाटकाचं पुस्तक घेऊन उभा असतो आणि नटाच्या थोडं पुढे राहून प्रत्येक वाक्य हळू आवाजात सांगत जातो. त्याला प्रॉम्प्टर म्हणतात. काकांच्या कंपनीत हे काम काकू करत. खास काकांसाठीच करत, कारण काकांना एक वाक्य पाठ होत नसे. हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. ते रंगमंचावर कायम उजव्या विंगेला चिकटून उभे राहत, काकूंचा आवाज ऐकू यावा म्हणून. लोकांना वाटे, काय स्टाइल आहे! आणि काकूंनी जे सांगितलं ते काका जसंच्या तसं म्हणत. एकदा सासऱ्याच्या कामात ते तावातावाने जावयाला झापत होते आणि विंगेतून काकू घाबरून म्हणाल्या, "अवो, धोतर सुटून राह्यलं." काकांनी त्याच तावात जावयाला ठणकावलं, "अवो, धोतर सुटून राह्यलं!" जावयाचं काम करणाऱ्याने पॅन्ट घातली होती. तोही बिचारा कमरेकडे पाहू लागला. मांडव कोसळायचा बाकी होता. पुढे कंपनीच्या मालकाने ते वाक्य नाटकात कायमचं घालून टाकलं.

पण याच विसराळूपणाने काकांचं नुकसानही झालं. कंपनीचा नायक एका वर्षी अचानक सोडून गेला. आवाज काकांचा उत्तम, उंची चांगली. मालकाने त्यांना नायकाचं काम देऊ केलं. नायक मधोमध उभा राहतो, माइकखाली. तिथे विंगेतला आवाज पोचत नाही, तिथे पाठच लागतं. काका म्हणाले, "मले नाही जमनार. मले पाठ होत नाही." ती जागा दुसऱ्याला गेली आणि मग आयुष्यभर काका वाढपीच राहिले. गावात हे अजून हळहळून सांगतात, आणि शेवटी, "पर डोस्कं नव्हतं ना बुढ्याले," असंही म्हणतात.

माझ्या तिसऱ्या वर्षी शाळेचा वाढदिवस मोठा करायचं ठरलं. दुपारचा कार्यक्रम, मांडव, जेवण. त्यात काकांचा खोट्या ज्योतिष्याचा प्रवेश व्हावा, अशी टूम निघाली. काका नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. त्यांनी दाराकडे कान केला, नेहमीपेक्षा जास्त थांबले आणि म्हणाले, "करतो. पन सांगाले कोन?"

मराठी शिकवते म्हणून माझी नेमणूक झाली. पत्रिका दाखवायला येणारा लग्नाळू तरुण म्हणून आमचे पी.टी.चे सर ठरले. हे सर मैदानावर वाघ आणि स्टेजवर शेळी.

तालीम आमच्या ओसरीवर चाले. नाटकाचं पुस्तक पानं सुटलेलं, मी दिव्याखाली बसून वाचायची. मी वाचायचं, काकांनी म्हणायचं. मी ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून वाचते, ही माझी शाळेतली खोड. काका वैतागत. "व्याकरन नका सांगू मॅडम, वाक्य सांगा." तरी चाललं होतं बरं.

एका संध्याकाळी सर घरी गेल्यावर आम्ही दोघंच शेवटचा भाग घेत होतो. आभाळ भरून आलेलं होतं आणि नेहमीप्रमाणे लाइट गेली. ओसरीवर काही दिसेना. मी वाक्याच्या मध्यात होते, थांबले. काका थांबले नाहीत. त्यांनी माझं तुटलेलं वाक्य पुरं केलं. मग सरांचं वाक्य स्वतः म्हटलं, मग आपलं, मग पुन्हा सरांचं. मग पद, दोन्ही अंतऱ्यांसकट. कुठे अडखळणं नाही, कुठे थांबणं नाही, मान वाकडी करणं तर अंधारात दिसलंच नसतं, पण त्याला वेळच नव्हता. अख्खा प्रवेश त्यांनी पाण्यासारखा म्हटला. पुढचा प्रवेशही सुरू केला, जो आम्ही करणार नव्हतो आणि ज्यात त्यांचं काम नव्हतं.

लाइट आली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"काका, तुम्हाला तर सगळं पाठ आहे."

ते बाजेवर बसले. पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिले. मग बोलले, या वेळी दाराकडे न बघता.

"लगन झालं त्या साली मी कंपनीसंगं निंगून गेलो. चार महिने. घरी माही माय, ते बी कोनाशी बोले नाही. शिमग्याले वापस आलो तं ही बोलेच ना. राग नव्हता तिले. सवयच मोडली होती बोलाची. चहा देताना तोंड उघडे अन् शब्दच नाही निंगे." त्यांनी बाजेची सुटलेली दोरी आत खोचली. "कंपनीत बायका न्याच्या नाहीत, असा मालकाचा कायदा. बायको नटी पायजे, नाहीतं घरी ठेवा. मंग पुढच्या साली शेलूबाजारले मी भर नाटकात इसरलो. जानून. मालकानं लय शिव्या देल्ल्या. मी म्हनलं, घरी बायको वाचून दाखवते तवाच माह्या ध्यानात रायते, दुसऱ्याचा आवाज माह्या कानात बसतच नाही. ती सातवी शिकेल होती. दुसऱ्या आठवड्यात टेम्पोत होती."

"आणि नायकाचं काम?"

"मधात उभं राहाचं, तं तिचं काय काम राह्यलं? तिले घरी धाडलं असतं."

 मी विचारलं, "काकूंना माहीत होतं?"

"नाही सांगितलं." त्यांचा तो खणखणीत आवाज पार खाली गेला. "वाशीमच्या दवाखान्यात शेवटी म्हने, आता तुमाले कोन सांगन वो? तिले तेच टेन्शन. मले वाटलं सांगून टाकावं का बाई, मले सारं येते, तू चिंता नको करू. मंग वाटलं, सांगू तं काय सांगू? का तू उभी जिंदगी त्या पडद्यामांगं डास मारत, थंडीत कुडकुडत उभी राह्यली, ते कायलेच नव्हतं? मले करमत नव्हतं म्हनून होतं? चूप बसलो. तशीच गेली ती."

मग त्यांनी मला विचारलं, "हे पाप हाय का मॅडम?"

  मी म्हटलं, "मग आता तरी सांगून टाका लोकांना. लोक डोकं नाही म्हणतात तुम्हाला."

"म्हनू द्या," काका एकदम ताठ झाले. "मले येते असं आता सांगू, तं ती कोन होती मंग? लोक म्हनतीन बुढी फुकटच उभी राहे. तुमी विंगेत उभ्या राहाल. बराबर सांगाल. अन् हे तुमच्या पोटातच ठेवाल." मी मान डोलावली.

कार्यक्रमाच्या दिवशी मांडव भरला. गावात अजूनही पुरुष डावीकडे आणि बाया उजवीकडे, उजव्या विंगेच्या बाजूला, बसतात, तशा बसल्या. नमस्कार-चमत्कार झाले, मुलींचा नाच झाला आणि ज्योतिष्याचा प्रवेश लागायच्या तोंडावर लाइट गेली. मुख्याध्यापकांनी जनरेटर मागवून ठेवला होता, हे त्यांचं चांगलं. तो नेमका उजव्या विंगेच्या मागे, माझ्या पाठीशी ठेवला होता, हे त्यांचं नेहमीचं.

काका आले तेव्हाच हशा पिकला. कपाळावर आडवं गंध, गळ्यात माळांचा भारा, काखेत पंचांग. पहिली काही वाक्यं मी ओरडून सांगितली, त्यांनी म्हटली. मग जनरेटर पेटल्यासारखा गरजू लागला. पी.टी.चे सर पत्रिका पुढे करून उभे.

"सातव्या घरात बायको आहे बाळा," काका म्हणाले, "पण त्या घराला दार नाही."

"मग मी आत कसा जाऊ, महाराज?" सरांनी विचारलं.

मी पुढचं वाक्य सांगितलं. माझं मलाच ऐकू आलं नाही. पुन्हा सांगितलं, घशाच्या शिरा ताणून. काका उजव्या विंगेकडे कान करून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं की ते बोलणार नाहीत. वाक्य त्यांच्या जिभेवर होतं. ते मला ठाऊक होतं, त्यांना ठाऊक होतं, मांडवात तिसऱ्या कुणाला नव्हतं. ते नुसतं म्हणून टाकायचं होतं, सुटका होती. पण विंगेतून ऐकू आलं नाही आणि तरी काका बोलले, असं त्या गावाने पाहिलं असतं. म्हणून ते उभे राहिले.

"मग मी आत कसा जाऊ, महाराज?" सरांनी पुन्हा विचारलं. मग पुन्हा, रडकुंडीला येऊन. मागे पोरांनी शिट्ट्या मारल्या. डावीकडून कुणीतरी म्हणालं, "आटपलं बुढ्याचं." लोक हसले, आणि ते हसणं काकांच्या ओळखीचं नव्हतं. त्यांची मान तशीच वाकडी, गंधावरून घाम ओघळून नाकावर आलेला. मला रडू फुटलं. मी पुस्तक हातात घेऊन मूर्खासारखी ओरडत होते.

आणि उजवीकडून, अगदी पुढच्या सतरंजीवरून, एक म्हातारा बायकी आवाज आला.

"जाऊ नको! बाहीर उभा राह्य, अन् हाक मार!"

तेच वाक्य होतं. काकांनी मान फिरवली. एका आजीने सांगितलेलं आणखी दोघींनी उचललं, मग मागच्या आज्यांनी, सगळ्या एका चालीत, पहिला शब्द ओढून आणि शेवटचा तोडून. काकांनी वाक्य म्हटलं. सरांनी पुढचं म्हटलं. आणि तिथून शेवटपर्यंत तो प्रवेश त्या म्हाताऱ्या बायांनी सांगितला. त्या एक वाक्य पुढे, काका एक वाक्य मागे. पदाचे पहिले शब्दसुद्धा त्यांनीच दिले. मी पुस्तक मिटलं.

जेवणावळ सुरू झाली आणि मांडव रिकामा झाला. काका गंध न पुसता सतरंजीच्या कडेला उभे होते. ती पहिली आजी काठी टेकत त्यांच्यापाशी आली. "काहून थांबला रे मधात?"

"आयकू नाही आलं माय," काका म्हणाले.

"आमाले तं सारं आयकू ये बाप्पा," आजी म्हणाली. "आमी बाया इकडच्या अंगाले बसो ना. पडद्यामांगून तुही बायको सांगे, मंग तू म्हने. तू म्हनेपरेंत आमचं हासून होऊन जाय. आमी तं तिच्यावर हासो रे. तुह्यावर हासाले ते आदमी लोक होते."

काका मटकन खाली बसले. मला वाटलं चक्कर आली, मी पाणी घेऊन धावले. त्यांनी पाणी बाजूला ठेवलं.

"मी निरा वाक्यच आयकत राह्यलो वो," ते आजीला म्हणाले. "ती कशी म्हने, ते आयकाचं राहूनच गेलं." त्यांनी आजीचा हात धरला, ओढून समोर बसवलं. "कशी म्हने ती? सांग ना. म्हनून दाखव."

आजीने एकदा इकडेतिकडे पाहिलं. मग काठी खाली ठेवली, पदर तोंडाशी धरला आणि हळू आवाजात पहिल्यापासून सुरुवात केली.